झूम की मोठा सेन्सर: खिशातला कॅमेरा घेण्याआधी

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर माझं मन आजवर तीनदा बसलं आणि दोनदा उडालं. पहिल्या वेळी मी मेगापिक्सेल मोजत होतो. दुसऱ्या वेळी झूम किती पटीचा, ते. तिसऱ्या वेळी मात्र खरेदीआधी एक उद्योग केला: कॉम्प्युटरवर साठलेले सगळे जुने फोटो फोकल लेंथनुसार, म्हणजे लेन्सने दृश्य किती रुंद घेतलं की किती जवळ ओढलं ते सांगणाऱ्या मिलिमीटरच्या आकड्यानुसार, लावून पाहिले. ही नोंद फोटोच्या फाइलमध्येच असते आणि फोटो सांभाळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यावर गाळणी लावता येते. निकाल पाहून ओशाळलो. ज्या झूमसाठी एवढा हट्ट धरला होता, त्याची मी दोन टोकंच वापरली होती. त्यातही रुंद टोकाचे फोटो कितीतरी जास्त. मधला पल्ला जवळजवळ कोरा.

कोणता घेऊ म्हणून कुणी विचारलं की मी आधी हाच उद्योग सांगतो, कारण आजचे चांगले पर्याय याच प्रश्नावर दोन वाटांनी जातात. एका वाटेवर झूम असलेले, एक इंची सेन्सरचे (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) कॅमेरे. २०१२ साली आलेल्या सोनी आरएक्स१००ने ही वाट रुळवली. दुसरीवर एपीएस-सी नावाच्या मोठ्या मापाच्या सेन्सरचे, पण एकाच फोकल लेंथच्या लेन्सचे कॅमेरे: रिकोची जीआर मालिका आणि फुजीफिल्मची एक्स१०० मालिका.

‘एक इंची’ हे नाव फसवं आहे. सेन्सर असतो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा; त्यात एक इंच कुठेच सापडत नाही. टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या काचनळ्यांचा बाहेरचा व्यास मोजायची पद्धत होती, ती नावात तशीच राहून गेली. तरीही साध्या कॉम्पॅक्टच्या सेन्सरपेक्षा याचं क्षेत्रफळ चौपट, आणि एपीएस-सीचं याच्याही तिपटीहून थोडं जास्त. एवढं वाचून मी पूर्वी लगेच मोठ्या सेन्सरकडे वळलो असतो. पण प्रकाश गोळा करण्यात सेन्सरइतकाच लेन्सच्या अपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत येतो त्या छिद्राचा, वाटा असतो (त्याचा एफ आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), आणि इथे गंमत होते.

पहिल्या आरएक्स१००ची लेन्स रुंद टोकाला एफ/१.८ उघडते, रिको जीआर ३ची एफ/२.८. फुलफ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, मापात आणायला पहिल्याला २.७ने गुणा, दुसऱ्याला १.५ने. उत्तरं येतात साधारण ४.९ आणि ४.२. म्हणजे अंधाऱ्या खोलीत, रुंद टोकाला, दोघांत अर्ध्या स्टॉपचाही फरक नाही (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). झूम पुढे काढला की चित्र पालटतं: १०० मिमीला तीच लेन्स एफ/४.९वर येते, म्हणजे तुलनेत १३च्या आसपास. एक्स१००ची लेन्स एफ/२ची, म्हणजे ३. कमी उजेडात या तिघांत तीच पुढे.

याहून मोठा सापळा नावात आहे. आरएक्स१०० म्हणून मिळणारे सगळे कॅमेरे एका जातीचे नाहीत. तिसऱ्या ते पाचव्या आवृत्तीत २४-७० मिमीची, एफ/१.८-२.८ अशी उजळ लेन्स आहे. सहाव्या-सातव्या आवृत्तीत २४-२०० मिमी, पण एफ/२.८-४.५. झूम लांबवला आणि उजेड दिला सोडून. घरातले फोटो हवे असतील तर जुनी आवृत्ती बरी, मंचावरच्या मुलांचे हवे असतील तर नवी. ‘सगळ्यात ताजी ती सगळ्यात चांगली’ हा हिशेब इथे चालत नाही.

तसा तो कधीच चालत नव्हता. माझं पहिलं खूळ मेगापिक्सेलचं. २००८ सालचा कॅनन जी१० १४.७ मेगापिक्सेलचा होता आणि पुढच्याच वर्षीचा जी११ १०चा. कंपनीनेच पाऊल मागे घेतलं, कारण तेवढ्याशा सेन्सरवर इतके पिक्सेल कोंबून कमी उजेडात दाणेच वाढत होते. हे मला फार उशिरा कळलं. दुसरं खूळ झूमचं. ते एका समुद्रकिनाऱ्यावर संपलं, जेव्हा वाळूचा एक कण लेन्सच्या नळीत शिरला आणि नळी अर्धवट बाहेर तशीच अडकून बसली. मग अदलाबदलीच्या लेन्सचा मोठा कॅमेरा घेतला. तो कपाटात राहायचा आणि फोटो फोनवर निघायचे.

तेव्हा एकट्या माझंच मन उडालं नव्हतं. जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० साली एक कोटीसुद्धा नाहीत. फोनने कॉम्पॅक्ट गिळला हे खरंच आहे, म्हणून तुलना फोनशीही करायला हवी. भर दिवसा, बाहेर, स्क्रीनवरच बघायचा फोटो असेल तर फरक ओळखू येईलच याची खात्री मी देत नाही. फोन पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्यांची एक करतो, आणि स्थिर दृश्यात ही युक्ती छान जमते. घरात पळणाऱ्या मुलावर ती लंगडी पडते. शिवाय फोनचा ‘फ्लॅश’ म्हणजे बारीकसा दिवा. कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात लखलखून जातो आणि उडी हवेत गोठवतो. मात्र जीआर ३मध्ये फ्लॅशच नाही, तो वेगळा लावावा लागतो. आरएक्स१०० आणि एक्स१०० या दोन्ही मालिकांत आहे.

आता खिसा. कागदावर सगळे ‘कॉम्पॅक्ट’, प्रत्यक्षात नाहीत. जीआर ३ बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅमचा, आरएक्स१००ची सातवी आवृत्ती ३०२ ग्रॅमची. दोघांची लेन्स आत जाते आणि दोघे पँटच्या खिशात मावतात. एक्स१००व्हीआय ५२१ ग्रॅमचा, लेन्स कायम बाहेर. तो गळ्यात किंवा पिशवीत. पण डोळा लावायला खरा व्ह्यूफाइंडर हवा असेल तर त्याच्याइतका चांगला या तिघांत कुणाचाच नाही: एका खटक्यावर काचेतून थेट दिसतं, दुसऱ्यावर इलेक्ट्रॉनिक चित्र. आरएक्स१००मध्ये तिसऱ्या आवृत्तीपासून इवलासा व्ह्यूफाइंडर वर येतो. जीआरमध्ये नाहीच, उन्हात स्क्रीनवर तळहाताची सावली धरावी लागते.

मग तरीही तिसऱ्या वेळी माझा जीव एकाच फोकल लेंथच्या जीआर ३वर का जडला? जीआरमध्ये स्नॅप फोकस नावाची सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा दोन मीटर. बटण एका दमात पूर्ण दाबलं की फोकस शोधण्यात वेळ न घालवता कॅमेरा तेवढ्यावर जातो. अपर्चर एफ/८ ठेवलं तर पुढे-मागे बरंच काही स्पष्ट येतं. झूमच्या कॅमेऱ्यात मी आधी किती जवळ ओढायचं ते ठरवत बसायचो आणि तोवर समोरचा माणूस वळून गेलेला असायचा. आता पाय हलवतो. अगदीच गरज पडली तर फोटोचा मधला भाग कापता येतो: जीआर ३च्या २४ मेगापिक्सेलमधून ५० मिमीएवढा भाग घेतला तर सातेक उरतात, आणि मध्यम आकाराच्या छपाईला ते पुरतात. जीआर ३चे २८ मिमी फार रुंद वाटत असतील तर ४० मिमीचा जीआर ३एक्स आहे. बॅटरीची मात्र सवय लावून घ्यावी लागते. जीआर ३ची क्षमता अधिकृत मोजणीतच सुमारे २०० फोटोंची. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर जीआरचा विचारच नको.

सध्या जुन्या सीसीडी (सेन्सरची एक जुनी जात) कॅमेऱ्यांचीही लाट आहे. तो ‘लूक’ माझ्या मते बराचसा समोरून मारलेल्या फ्लॅशचा आणि तेव्हाच्या जेपेग प्रक्रियेचा आहे, सेन्सरच्या जातीचा कमी. हौस म्हणून घ्या, पण आधी कार्ड कोणतं लागतं ते बघा. २००६च्या आधीचे बहुतेक कॅमेरे दोन जीबीपर्यंतचीच एसडी कार्डं वाचतात, आणि काहींना एक्सडी कार्ड लागतं, ते आता शोधावं लागतं.

गाळणीचा उद्योग मी एका मैत्रिणीलाही करायला लावला. तिचे बहुतेक फोटो लांबच्या टोकाला निघाले: सगळे पक्षी. या दोन्ही वाटा तुझ्या नाहीत, २०० मिमीत पक्षी ठिपक्याएवढाच येईल, असं मी तिला म्हणालो. तिने तरी २४-२००वालाच घेतला. पक्षी खरोखर ठिपक्याएवढेच येतात. ती आता घरातल्या मांजराचे फोटो काढते, बहुतेक सगळे २४ मिमीला, आणि मला रोज दोन-तीन पाठवते.