वसईच्या किल्ल्याचं जुनं छापचित्र: घेण्याआधी फ्रेम उघडायला लावा

चोर बाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका छोट्या दुकानातून गेल्या महिन्यात मी वसईच्या किल्ल्याचं जुनं कोरीव छापचित्र घेतलं, साडेतीन हजारांना. माझं माहेर वसईगावातलं. कपाटामागे टेकवलेल्या फ्रेममध्ये सेंट जोसेफ चर्चचा मनोरा दिसला आणि मी तिथेच उकिडवी बसले. त्या मनोऱ्यातल्या गोल जिन्यावरून अप्पा आम्हा भावंडांना हात धरून वर न्यायचे.

अस्सल आहे का, असं विचारताच दुकानदार चाचांनी काही न बोलता फ्रेमच्या मागचे बारीक खिळे उपटले, चित्र बाहेर काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. हल्लीच्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपके दिसतात. इथे सगळ्या सुट्या, धारदार रेघा. मनोऱ्याच्या बरोबर मधून केसाएवढी पांढरी उभी रेघ गेलीय. मला वाटलं, घडी पडलीय. चाचा म्हणाले, "नहीं बेटी, जोड़ है." एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र साप्ताहिकांची मोठी चित्रं लाकडाचे लहान ठोकळे एकमेकांना आवळून छापत, ती रेघ म्हणजे दोन ठोकळ्यांमधली फट. पाठीमागे इंग्रजी बातम्यांचे रकाने आहेत. म्हणजे हे साप्ताहिकाचं सुटं पान. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं असतं, तर पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटला असता आणि किंमतही बरीच वर गेली असती. रंग मागाहून कोणीतरी भरलेत, हेही चाचांनी स्वतःहून सांगितलं. दुकानाला माझे पैकीच्या पैकी गुण.

चित्रातला ताड चुकलाय, शेंडा छत्रीसारखा झालाय. पण छप्पर गेलेल्या कमानी आणि भिंतीच्या भेगेतून उगवलेला पिंपळ बघत राहावा असा आहे. मी शाळेत इतिहास शिकवते. 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे आलेली वसई 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी घेतली, सुरुंगांनी बुरुजाला खिंडार पाडलं, हे मुलांना तोंडपाठ असतं. मग अख्खा किल्ला तोफांनीच पडला, असं ती धरून चालतात. तसं नाही. तहानंतर पोर्तुगीज शिबंदी आणि तिच्याबरोबर बरीच कुटुंबं निघून गेली. राहतं शहर ओस पडलं, छपरं गेली, आणि पुढचं काम पावसाने आणि मुळांनी केलं. हे मी वर्षानुवर्षं नुसतं बोलून सांगत होते. आता पान समोर धरते.

तक्रार आहे ती जुन्या फ्रेमबद्दल. वरच्या कडेला लावलेल्या चिकटपट्टीचा तपकिरी पट्टा कायमचा बसलाय आणि हलक्या पुठ्ठ्यामुळे चित्राभोवती पिवळी चौकट उमटलीय. नवी फ्रेम करायला दिली, तिथला कारागीर तर चित्राखालचं छापील नावच कापायला निघाला होता! वेळेवर पोचले म्हणून वाचलं. आम्लविरहित माउंट, म्हणजे कागद पिवळा न पाडणारा चित्राभोवतीचा पुठ्ठा हवा, कड कापायची नाही, हे त्याला कागदावर लिहून द्या.

शुक्रवारी जाऊ नका. त्या दिवशी रस्त्यावर जुना बाजार भरतो आणि ही दुकानं बंद असतात. ग्रँट रोडला उतरून चालत जाता येतं. भिंग स्वतःचं न्या.