व्हर्च्युअलबॉक्स की केव्हीएम: स्वतः बांधलेल्या कर्नलवरचे परीक्षण

मराठी प्रकाशन व्यवसायातील अनेक कार्यालयांत 1990 आणि 2000 च्या दशकांतली पुस्तके आजही पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत, युनिकोडपूर्व फाँटांमध्ये अडकून आहेत. त्या फायली जशाच्या तशा उघडायच्या असतील तर विंडोज एक्सपी चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. आणि त्या काळातली यंत्रे एकामागून एक निकामी होत असल्यामुळे ते एक्सपी लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी यंत्र) चालवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. आमच्याकडे हे काम डेबियन 13 या लिनक्स वितरणावर होते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) वितरणाचा तयार न वापरता आम्ही स्वतः कंपाइल करतो, म्हणजे मूळ स्रोतापासून बांधतो. अशा यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्स आणि केव्हीएम ही व्हीएम चालवणारी दोन्ही सॉफ्टवेअर कशी वागतात, याचे हे परीक्षण आहे. व्हीएमचे सॉफ्टवेअर निवडताना त्याची खिडकी किती देखणी आहे यापेक्षा ते कर्नलशी कसे नांदते हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे आणि या कसोटीवर माझा कौल केव्हीएमला आहे.

वितरणाचा कर्नल वापरणाऱ्यांसाठी एक खुलासा आधीच केलेला बरा. डेबियनच्या तयार कर्नलमध्ये केव्हीएमची मॉड्यूल्स (कर्नलला जोडता-काढता येणारे तुकडे) असतातच, आणि व्हर्च्युअलबॉक्सलाही संपूर्ण कर्नल पुन्हा कंपाइल केलेला लागत नाही, त्या कर्नलची हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या व्याख्यांच्या फायली) पुरतात. मात्र ज्यांना विशिष्ट हार्डवेअरसाठी पॅच लावायचा असतो, अनावश्यक ड्रायव्हर वगळायचे असतात किंवा सुरक्षेची दुरुस्ती वितरणाची वाट न पाहता घ्यायची असते, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

व्हीएमच्या सॉफ्टवेअरला कर्नलमध्ये शिरावे का लागते, हे समजल्याशिवाय या दोघांची तुलना करता येत नाही. इंटेलने 2005 मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने 2006 मध्ये एएमडी-व्ही आपल्या प्रोसेसरांत आणले, तेव्हापासून गेस्टचा, म्हणजे व्हीएममधल्या प्रणालीचा, कोड थेट प्रोसेसरवर चालवण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे. परंतु ती सोय चालू करणाऱ्या सूचना फक्त कर्नलच्या अधिकारातूनच देता येतात, त्यामुळे सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्याचा एक तुकडा कर्नलमध्ये बसवावाच लागतो. जर्मनीच्या इनोटेक कंपनीने व्हर्च्युअलबॉक्सचा मुक्त स्रोत जानेवारी 2007 मध्ये खुला केला. पुढे 2008 मध्ये सनने इनोटेक विकत घेतली आणि 2010 मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. केव्हीएम फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 सोबत थेट कर्नलच्या मूळ स्रोतातच दाखल झाले. म्हणजे दोन्ही जवळपास एकाच वेळी लोकांच्या हाती आली, पण एक घरात राहिले आणि दुसरे दाराबाहेर, आणि आज जाणवणारे बहुतेक फरक तिथूनच निघतात.

लिनक्सचे विकासक वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द काटेकोरपणे पाळतात. जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चाललाच पाहिजे, हा त्यांचा दंडक आहे. कर्नलच्या आतल्या फंक्शनांबाबत मात्र असे कोणतेही वचन ते देत नाहीत, आणि ही भूमिका कर्नलच्या दस्तऐवजांत स्पष्टपणे लिहिलेली आहे. आतले एखादे फंक्शन बदलले की ते बदलणारी व्यक्तीच केव्हीएममधल्या त्याच्या सगळ्या वापरांचीही दुरुस्ती करते, कारण दोन्ही एकाच स्रोतात असतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॉड्यूलला तो बदल बाहेरून ओळखून पुढच्या आवृत्तीत सामावून घ्यावा लागतो. त्यामुळे अगदी नवा कर्नल बांधणाऱ्याला, व्हर्च्युअलबॉक्सची त्या कर्नलला चालणारी आवृत्ती येईपर्यंत थांबावे लागू शकते. डेबियनच्या स्थिर भांडारात व्हर्च्युअलबॉक्स नाही, ते ओरॅकलच्या भांडारातून घ्यावे लागते, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू, कारण निम्मी गफलत तिथेच होते. कर्नलचा स्रोत दाबलेल्या स्वरूपात दीडशे एमबीच्या आसपास असतो, पण डीबगची (दोष शोधण्यासाठीची) माहिती चालू ठेवून कंपाइल केले तर डिस्कवरची कितीतरी गीगाबाइट जागा तो गिळतो. ती माहिती लागत नसेल तर बंद करावी. चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बूट डिरेक्टरीतून उचलून तिच्यापासून सुरुवात करणे सर्वांत सुरक्षित आहे. त्यात वितरकाच्या प्रमाणपत्रांच्या फायलींचा मार्ग नोंदलेला असेल तर तो रिकामा करावा, नाहीतर ती फाइल सापडत नाही म्हणून कंपाइल मध्येच थांबते.

यानंतर पुष्कळ जण ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा देतात. त्या क्षणी यंत्रात जी मॉड्यूल्स लोड झालेली आहेत तेवढीच ठेवून बाकीची ही आज्ञा वगळते, त्यामुळे बांधणीचा वेळ प्रचंड कमी होतो. व्हीएम चालवणाऱ्यांनी मात्र इथे विशेष सावध राहावे. आज्ञा देताना व्हीएम बंद असेल तर टन, ब्रिज, व्ही-होस्ट-नेट आणि नॅटसाठी लागणारी अशी गेस्टच्या नेटवर्कची मॉड्यूल्स लोड झालेली नसतात आणि ती गुपचूप वगळली जातात. कर्नल व्यवस्थित बूट होतो, केव्हीएमही लोड होते, पण गेस्टला नेटवर्क देण्याची वेळ आली की लिबव्हर्टला (केव्हीएमवरच्या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) ‘डेव्ह-नेट-टन’ ही टनची फाइल उघडता येत नाही, आणि दोष लिबव्हर्टचा आहे असे समजून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून आधी एक व्हीएम नेटवर्कसह चालू करावी, लागणारी सर्व यूएसबी उपकरणे जोडावीत, मगच ही आज्ञा द्यावी. त्यानंतर ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडून व्हर्च्युअलायझेशनच्या मेन्यूत केव्हीएम आणि आपल्या प्रोसेसरनुसार इंटेल किंवा एएमडीचा आधार मॉड्यूल म्हणून निवडला आहे ना, याची खात्री करावी. कर्नलच्या नावाला स्वतःचा प्रत्यय जोडला तर वितरणाच्या कर्नलशी घोळ होत नाही.

डेबियनवर शेवटची आज्ञा ‘मेक बिनडेब-पीकेजी’ ही द्यावी. तिच्यातून कर्नलचे पॅकेज आणि हेडर्सचे पॅकेज अशी दोन्ही तयार होतात आणि नेहमीच्या पद्धतीने बसवता व काढता येतात. केव्हीएमच्या दृष्टीने काम इथे संपते. व्हर्च्युअलबॉक्सच्या दृष्टीने ते इथे सुरू होते.

व्हर्च्युअलबॉक्सची व्हीबॉक्स-ड्रव्ह, व्हीबॉक्स-नेट-फ्लिट आणि व्हीबॉक्स-नेट-अ‍ॅडप ही तीन मॉड्यूल्स आहेत. पहिले व्हीएम चालवते आणि उरलेली दोन नेटवर्कसाठी असतात. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ती ‘व्हीबॉक्स-कॉन्फिग’ या आज्ञेने नव्याने कंपाइल होतात. हेडर्सचे पॅकेज बसवायचे राहिले असेल, किंवा ज्या कंपायलरने कर्नल बांधला तो आता यंत्रावर नसेल, तर ही पायरी अडते. मॉड्यूलमध्ये ते कोणत्या कर्नलसाठी बांधले आहे याची एक खूण नोंदलेली असते, आणि ती चालू कर्नलशी अक्षरशः जुळली नाही तर कर्नल ते मॉड्यूल घेत नाही. या बाबतीत व्हर्च्युअलबॉक्सचे एक मनापासून कौतुक करतो: बांधणी फसली की संपूर्ण नोंद लॉगच्या डिरेक्टरीत ‘व्हीबॉक्स-सेटअप’ या नावाने मिळते आणि ती वाचली की कारण बहुधा लगेच कळते.

सिक्युअर बूट (ओळखीची डिजिटल सही असलेलेच कर्नल आणि मॉड्यूल चालू देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक टप्पा वाढतो. केव्हीएमच्या मॉड्यूल्सवर कर्नल बांधतानाच सही होते; स्वतः बांधलेल्या कर्नलवर आपल्या किल्लीने सही केली आणि ती किल्ली यंत्रात नोंदवली की विषय मिटतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या मॉड्यूल्सवर मात्र दर बांधणीनंतर सही होत आहे ना, हे पाहावे लागते. किल्ली नोंदवताना रीस्टार्टनंतर जो निळा पडदा येतो तो थोडा वेळच थांबतो. तो निसटला तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

सर्वांत मोठी अडचण मात्र या दोघांच्या एकत्र राहण्यात आहे. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय एका वेळी एकाच्याच ताब्यात असू शकते. पूर्वी केव्हीएमचे मॉड्यूल नुसते लोड झालेले असले तरी पहिली व्हीएम सुरू होईपर्यंत ते त्या सोयीला हात लावत नसे, त्यामुळे एकाच यंत्रावर दोन्ही सॉफ्टवेअर ठेवून आलटून पालटून वापरता येत. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या लिनक्स 6.12 पासून मॉड्यूल लोड होताक्षणीच ती सोय ताब्यात घेतली जाते, आणि डेबियन 13 मध्ये हाच 6.12 आहे. परिणामी व्हर्च्युअलबॉक्समधली व्हीएम सुरू करताना, व्हीएमएक्स (इंटेलची तीच सोय) आधीच वापरात असल्याची त्रुटी समोर येते. उपाय दोन आहेत: केव्हीएमची मॉड्यूल्स काढून टाकायची, किंवा बूटच्या वेळी कर्नलला ‘केव्हीएम डॉट एनेबल-व्हर्ट-अ‍ॅट-लोड’ हा पर्याय शून्य करून द्यायचा. कर्नल स्वतः बांधणाऱ्याने केव्हीएम थेट कर्नलमध्ये न भरता मॉड्यूल म्हणूनच ठेवावे, असा आग्रह मी वर धरला त्याचे हेही एक कारण आहे. आत भरलेली गोष्ट काढून टाकता येत नाही.

केव्हीएमच्या रोजच्या वापराविषयी माझे मत अतिशय चांगले आहे. इथे प्रत्येक व्हीएम ही क्यूईएमयूची (गेस्टला आभासी हार्डवेअर पुरवणाऱ्या प्रोग्रॅमची) एक साधी लिनक्स प्रोसेस असते आणि तिचा प्रत्येक आभासी प्रोसेसर हा त्या प्रोसेसमधला एक थ्रेड असतो. म्हणून ‘टॉप’ या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या आज्ञेत ती इतर प्रोग्रॅमांसारखीच दिसते, तिची प्राथमिकता नेहमीच्या आज्ञांनी बदलता येते आणि मेमरीचा हिशोब वेगळा ठेवावा लागत नाही. नवा कर्नल बसवून यंत्र रीस्टार्ट केले की व्हीएम पूर्ववत सुरू होतात. मधे दुसरे काही कंपाइल करायचे नसते.

तरीही व्हर्च्युअलबॉक्स काही बाबतींत पुढे आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. नवख्या माणसाला त्याची मांडणी लगेच समजते. गेस्ट अ‍ॅडिशन्स ही त्याची जोडसाधने गेस्टमध्ये बसवली की होस्टचा, म्हणजे मूळ यंत्राचा, फोल्डर गेस्टमध्ये दिसतो, तर केव्हीएमवर जुन्या विंडोजसाठी हीच सोय करायला होस्टवर सांबा हा नेटवर्कवरून फायली देणारा प्रोग्रॅम लावावा लागतो. त्यातही सांबाने 4.11 पासून जुना एसएमबी-1 हा फायली देण्याघेण्याचा प्रोटोकॉल मूलतः बंद ठेवलेला आहे, आणि एक्सपीला तोच एक समजतो. तो पुन्हा चालू करायचा असेल तर फक्त व्हीएमच्या अंतर्गत नेटवर्कपुरताच करावा, कार्यालयाच्या नेटवर्कवर कदापि नाही. स्क्रीनचा आकार खिडकीबरोबर बदलणे, क्लिपबोर्ड एक असणे, या गोष्टीही केव्हीएमवर वेगळी साधने बसवल्यावरच मिळतात.

परवान्याचा मुद्दा कार्यालयांनी दुर्लक्षू नये. व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज मुक्त आहे आणि 7.0 पासून यूएसबी 2 व 3 चे आभासी कंट्रोलरही त्यातच आले आहेत, त्यामुळे हार्डवेअर लॉकसाठी (सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या यूएसबी किल्लीसाठी) एक्स्टेन्शन पॅक हा ओरॅकलचा जादा सोयींचा संच घेण्याची गरज उरलेली नाही. तो पॅक फुकट डाउनलोड होतो म्हणून सरसकट बसवला जातो, परंतु त्याचा विनामूल्य परवाना वैयक्तिक व शैक्षणिक वापरापुरता आणि मूल्यमापनापुरता आहे; व्यवसायासाठी तो विकत घ्यावा लागतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशन हे व्हीएमचे तिसरे सॉफ्टवेअर नोव्हेंबर 2024 पासून सर्वांसाठी विनामूल्य असले तरी त्याचीही मॉड्यूल्स कर्नलच्या बाहेरच असल्यामुळे वरचे बहुतेक आक्षेप त्यालाही लागू पडतात.

व्हर्च्युअलबॉक्समधून केव्हीएमकडे येणाऱ्यांसाठी स्थलांतराचा भाग सविस्तर सांगतो. डिस्कची फाइल ‘क्यूईएमयू-आयएमजी’ने क्यूईएमयूच्या क्यूकाउ-2 स्वरूपात बदलता येते आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते. खरी अडचण डिस्कच्या कंट्रोलरची असते: एक्सपी ज्या कंट्रोलरवर बसवले त्याचाच ड्रायव्हर बूटच्या वेळी शोधते आणि तो बदलला की निळा पडदा दाखवून थांबते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कंट्रोलरचा ड्रायव्हर ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनेल पीसीआय आयडीई’ असा करून ठेवावा, व्हीएम रीस्टार्ट न करता बंद करावी आणि मगच फाइल बदलावी. व्हर्ट-मॅनेजर या केव्हीएमच्या खिडकीवाल्या साधनात नवी व्हीएम तयार करताना मशीनचा प्रकार क्यू-35 न ठेवता आय-440-एफएक्स निवडावा, कारण क्यू-35 मध्ये आयडीई ही जुनी डिस्क-जोडणी नाही आणि एक्सपीजवळ एएचसीआय या नव्या जोडणीचा ड्रायव्हर नसतो. नेटवर्क कार्ड आरटीएल-8139 ठेवले तर त्याचा ड्रायव्हर एक्सपीमध्ये आधीपासूनच आहे. हार्डवेअर बदललेले पाहून एक्सपी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकते, त्यामुळे परवान्याची किल्ली हाताशी ठेवूनच हे काम हाती घ्यावे, आणि पेजमेकरमध्ये एखादे जुने पुस्तक उघडून, छापील प्रतीशी त्याची पाने ताडून पाहिल्याशिवाय व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कची मूळ व्हीडीआय फाइल पुसू नये.