इस्तंबूलचा हमाम की बुर्साचं काप्लिजा?

तुर्कस्तानात एखाद्या जुन्या स्नानगृहात जायचंच, असं ठरवलेल्यांपुढे दोन वाटा असतात. एक तर इस्तंबूलमधलाच ऑटोमन हमाम, नाहीतर मार्मारा समुद्र ओलांडून बुर्सा, जिथे गरम झऱ्यांवरच स्नानगृहं बांधली आहेत. त्यांना तिकडे काप्लिजा म्हणतात. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. घुमट, संगमरवर, कमरेला गुंडाळायचं चौकड्यांचं पेश्तेमाल, हातात खरखरीत पिशवी घालून अंग घासून देणारा तेल्लाक, हे दोन्हीकडे आहे, म्हणून त्यात शिरत नाही.

नुसत्या वास्तूचा विचार केला तर इस्तंबूलला तोड नाही. चेंबरलिताशचा हमाम १५८४ सालचा, ऑटोमन दरबाराचा वास्तुविशारद सिनान याच्या हातचा, सुलतान तिसऱ्या मुरादची आई नुरबानू सुलतान हिने बांधवून घेतलेला. जालोलूचा हमाम १७४१ मधला. आयासोफिया मशिदीतल्या ग्रंथालयाला उत्पन्न मिळावं म्हणून सुलतान पहिल्या महमूदने तो उभारला. घुमटातल्या काचेच्या गोल झरोक्यांतून उतरणारे उन्हाचे कवडसे वाफेत अगदी स्पष्ट दिसतात. मधल्या तापलेल्या संगमरवरी ओट्यावर उताणं पडून ते बघत राहावं, एवढ्यासाठीसुद्धा जायला हरकत नाही.

पण तिथे पाण्यात उतरता येत नाही. इस्लामी परंपरेत अंघोळीला वाहतं पाणी शुद्ध मानतात, त्यामुळे या हमामांत सहसा कुंड नसतं. भिंतीलगत कुर्ना, म्हणजे दगडी टाक्या. नळ सोडायचा आणि धातूच्या वाडग्याने पाणी अंगावर घ्यायचं. कुर्न्याला पाणी जायला खालून भोक नसतं, तेव्हा साबणाचा हात त्यात बुडवू नका, ते फार वाईट दिसतं.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला, ती सांगतो. इस्तंबूलच्या एका नामांकित हमामात मी ओट्यावर पडलो होतो. पहिली काही मिनिटं दगड नुसता पाठीला भाजतो. मग हळूहळू खांदे सुटतात, कंबर सैल होते. नेमका तो क्षण आला आणि तेल्लाकने ओट्यावर थाप मारून उठायची खूण केली. घासणं झालं, फेस झाला, डोक्यावरून पाणी झालं, आता पुढचा गिऱ्हाईक. माणूस उद्धट नव्हता, काम चोख केलं त्याने. पण बाहेर बाकावर रांग बसली होती आणि प्रत्येकाच्या तिकिटावर त्याची वेळ. दाराशी बक्षिसासाठी ताटकळलेली मंडळी वेगळीच. शरीराला सैलावायला जो वेळ लागतो, तोच तिथे मिळत नाही, आणि माझ्या लेखी अंघोळीला जाण्याचं कारणच ते आहे. सगळीकडे असंच असेल असं म्हणवत नाही. पहाटे, आडदिवशी गेलात तर कदाचित निवांतपणा मिळेलही.

बुर्साला ही घाई मला कुठे जाणवली नाही. उलुदा डोंगराच्या पायथ्याशी चेकिर्गे नावाचा भाग आहे. तिथलं एस्की काप्लिजा चौदाव्या शतकात सुलतान पहिल्या मुरादच्या काळात बायझंटाइन स्नानगृहाच्या जागेवर उभं राहिलं. जुने खांब आणि त्यांची नक्षीदार शिरं तशीच वापरलेली दिसतात. तिथून जवळच १५५२ चं येनी काप्लिजा, सुलतान सुलेमानचा जावई रुस्तेम पाशा याने बांधलेलं. इथे घुमटाखाली कुंड आहे, कारण झरा अखंड वाहतो: एकीकडून ताजं पाणी येतं, दुसरीकडून निघून जातं. गणेशपुरीच्या कुंडात पहिलं पाऊल टाकताना जसा श्वास अडकतो, तसाच इथेही अडकतो. मग गळ्यापर्यंत बुडून बसायचं, नको झालं की काठावर यायचं, थंड पाणी घ्यायचं, परत उतरायचं. शेजारी बसलेले आजोबा डोळे मिटून असतात आणि कुणी कुणाला उठवत नाही.

उणिवा आहेतच. इंग्रजी जवळपास चालत नाही. डागडुजी इस्तंबूलसारखी चकचकीत नाही, आणि जुनी ठिकाणं मधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी कराच. माझ्या बायकोचं मत तर इस्तंबूललाच पडलं: तिच्या अनुभवात बायकांचा विभाग तिथे जास्त मोकळा होता आणि काय करायचं ते समजावून सांगणारं माणूस होतं. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुंडात उतरू नये. बाकीच्यांनीही एका वेळी दहा-पंधरा मिनिटांवर बसू नये, चक्कर येते.

हाताशी दोनच दिवस असतील तर इस्तंबूलचा हमाम घ्या, वाईट वाटणार नाही. तिसरा दिवस काढता आला तर मात्र मी बुर्साच सांगेन. इस्तंबूलच्या एमिनोन्यू धक्क्यावरून बुर्साजवळच्या मुदान्या बंदराची बोट साधारण दोन तासांची, पुढे बस. सकाळी जाऊन रात्री परत हा बेत टाळा. परतीच्या बोटीकडे लक्ष ठेवून कुंडात बसलात तर घड्याळ इथेही मागे लागेल. चेकिर्गेतल्या बऱ्याच हॉटेलांत झऱ्याचंच पाणी खेळवलेलं असतं, तिथे रात्र काढा. शक्यतो थंडीत जा, आणि शनिवार-रविवार सोडून; सुट्टीला बुर्साकर सहकुटुंब येतात.