सायकल झकास, व्हॉल्व्ह बेकार: हायब्रिड सायकलचा वर्षभराचा अनुभव

ट्यूबच्या व्हॉल्व्हचं टोक मोडलं, म्हणून लिहायला बसलोय. फ्रेम, गिअर, ब्रेक यांची माहिती सगळीकडे आहे, ती परत देत नाही. पण माझ्यासारखी प्रेस्टा व्हॉल्व्हवाली सायकल रोजच्या कामासाठी घेणार असाल, तर हे आधी वाचा.

प्रेस्टा म्हणजे तो बारीक व्हॉल्व्ह, टोकाची चकती फिरवून उघडायचा. पेट्रोल पंपावरचा हवेचा पाइप त्यावर बसत नाही. सांगलीतलं विश्रामबाग ते मिरज या माझ्या रस्त्यावर जिथे जिथे थांबलो, तिथे मोटरसायकलची हवा भरून मिळते, जुन्या काळ्या सायकलचीही मिळते. माझीच मिळत नाही. एका पंक्चरवाल्याने जोर लावून पाइप दाबला आणि टोक तुटलं. शोरूमला गेलो, तर ट्यूब वॉरंटीत येत नाही आणि नवी शिल्लक नाही, आठवड्याने या. सायकल तुम्ही विकता आणि तिची ट्यूब तुमच्याकडे नाही? बरंच वाजलं आमचं. मोटरसायकलसारखी जाड व्हॉल्व्हची ट्यूब टाकावी, तर तिला रिमला ८ मिमीचं भोक लागतं, माझ्या रिमचं साडेसहाचं.

'घेऊ नका' असंच लिहिणार होतो. पण तो आठवडा स्कूटरने कामावर गेलो आणि मत बदललं. रोजचे १२ किलोमीटर, ४५ चं ॲव्हरेज, शंभरावरचं पेट्रोल, म्हणजे दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये नुसते धुरात. आणि वेळ किती वाचला? दहा मिनिटं. सायकलवर वाटेत कुठेही पाय टेकता येतो. भाजी घेता येते, ओळखीचं माणूस दिसलं तर दोन शब्द बोलता येतात. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डाकडे गेलं की तो वास पूर्ण मिळतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सकाळी मिरजेकडे जाताना पाठीशी असतो आणि संध्याकाळी छातीवर. त्या वाऱ्याशी झुंजत घरी येण्यात मला खरोखर मजा येते, कामावरचा वैताग विश्रामबागेपर्यंत उरतच नाही. हे सुख स्कूटरवर नाही, गाडीत तर नाहीच.

गिअर सात आहेत. आपला कृष्णाकाठ सपाट, दोन-तीन पुरतात. ब्रेक चांगले. सीट महिनाभर टोचते, मग सवय होते. मडगार्ड आणि कॅरिअर मात्र वेगळे पैसे देऊन बसवावे लागले. काळ्या सायकलला हे सगळं आधीपासून बसवलेलं असतं, मग महागड्या सायकलला का नाही?

शेवटी नवी ट्यूब मिळाली, सोबत पितळी अडॅप्टर घेतला. बोटाच्या पेराएवढीही वस्तू नाही, व्हॉल्व्हवर फिरवून बसवली की कुठल्याही पंपावर हवा भरता येते. ही सायकलसोबत द्यायला कंपनीला काय जड जातं?

दुकानात गेलात की आधी व्हॉल्व्हची टोपी काढून बघा. जाड असेल तर बिनधास्त घ्या. बारीक असेल तर अडॅप्टर आणि एक जादा ट्यूब त्याच बिलात मागून घ्या, आणि ती हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.