ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक: दोन महिन्यांच्या वापरानंतर
आमच्या २८ लिटरच्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) नानकटाई तळाशी करपायची आणि मध्यभागी कच्ची राहायची, म्हणून तुपाच्या प्रमाणाला दोष देणे सोडून मी जाळीला अडकवता येणारा, स्टीलच्या चकतीचा हा तापमापक घेतला. नॉब १८० अंश सेल्सिअसवर ठेवून २० मिनिटे थांबल्यावर काटा चक्क २०५च्या आसपास दिसला; थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) तापणाऱ्या रॉडची वीज तोडतो-जोडतो तसा काटा वरखाली होत राहतो, त्यामुळे एकाच नोंदीवर विसंबू नये. आता मी नॉब १६०च्या किंचित खाली ठेवते आणि नानकटाई एकसारखी बदामी होते. चकतीवरचे आकडे मात्र इतके बारीक आहेत की काचेतून वाचायला टॉर्च लागतो, आणि दार उघडावे तर आतली उष्णता निघून जाते.