जिप्सीचा मागचा डिफरन्शियल वेल्ड करून वर्ष झालं, माझा अनुभव

गेल्या रविवारी एक्सल (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) तुटला म्हणून आज लिहायला बसलोय. गाडी २००६ ची जिप्सी, रोज कोथरूड ते पिरंगुट, सुट्टीला मुळशीकडे शेतावर. डिफरन्शियल म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना देऊन त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा. ओपन, म्हणजे साध्या डिफरन्शियलचं दुखणं सगळ्यांना माहितीये, एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. लॉकरला (गरज पडली की दोन्ही चाकं एकत्र जोडणारा भाग) एवढे पैसे घालायची तयारी नव्हती, मग गेल्या जुलैत स्टार गिअरना (डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर) वेल्डिंग मारून घेतलं, म्हणजे दोन्ही चाकं कायम एकत्रच फिरणार, उतरवणं-चढवणं आणि ९० नंबर गिअर ऑइल धरून साडेचार हजारात काम झालं.

पहिले दोन महिने मी जाम खूश. शेताच्या ज्या चढाला दर पावसाळ्यात ट्रॅक्टर बोलवायला लागायचा तिथे मागचं एक चाक हवेत असताना गाडी सरळ वर गेली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून कर म्हणालो असतो.

खरा त्रास सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गुळगुळीत फरशीवर वळलं की कुईंऽऽ असा आवाज, मला वाटलं ब्रेक चिकटतोय, ड्रम उघडून लायनर बघितले, काही नाही. टायर घासत होता! हे नीट समजून घ्या कारण मला कळायला चार महिने गेले. मागच्या दोन चाकांत अंतर साधारण १.३ मीटर. काटकोनात वळलात की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २ मीटर जास्त चालतं, वळण छोटं असो की मोठं, फरक तेवढाच. यू-टर्नला ४ मीटर. डिफरन्शियल मोकळा असेल तर तो हा फरक सांभाळून घेतो, वेल्ड केला की ते सगळं रबरातून वसूल होतं. मी एक दिवस मोजली, घरातून निघून परत येईपर्यंत ३१ वळणं, म्हणजे रोज साठ मीटर टायर नुसता फरफटतोय. ११,००० किमीत मागची जोडी संपत आली, पुढची अजून निम्मी शिल्लक आहे. टायरच्या नक्षीवरून हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की कडा बोटाला लागतात. लॉकरचे वाचवलेले पैसे टायरवाल्याकडे चाललेत.

तरी मी म्हणत होतो चालतंय. मग या जूनमध्ये ताम्हिणीत पहिला पाऊस, स्पीड चाळीसच्या आत, वळणात जरा ऍक्सिलरेटर दिला आणि मागचा भाग सरळ बाहेर. ओपनला आतलं चाक सुटतं पण बाहेरचं गाडी धरून ठेवतं, इथे दोन्ही एकदम सुटतात. शेजारी बायको होती, काही बोलली नाही, पण माणगाव येईपर्यंत तिने वरचं हँडल सोडलं नाही. त्या दिवशी माझं मत फिरलं.

आणि रविवारी कोरड्या डांबरावर यू-टर्न घेताना कडाड! वेल्ड शाबूत, उजवा एक्सल आतल्या टोकाला पिळवटून तुटलेला. कोरड्या रस्त्यावर टायर सहज घसरत नाही, मग सगळा पीळ एक्सलवर येतो. एक मान्य करतो, दुसऱ्या चाकावर गाडी हळूहळू घरी आली, ओपन असता तर टू-व्हील ड्राइव्हमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) जागची हलली नसती.

आता जुन्या बाजारातून ओपन डिफरन्शियल आणून बसवलाय. काही थारमध्ये येतो तसला मेकॅनिकल लॉकर, म्हणजे वळणात मोकळा आणि चाक गरगरलं की लॉक, जिप्सीला बसणारा मिळाला तर पैसे साठवून तोच घेणार. वेल्ड केलेला घरी पडून आहे. कोणाची गाडी फक्त शेतावर फिरत असेल तर खुशाल घेऊन जा, रोज रस्त्यावर चालवणार असाल तर मी फुकटसुद्धा देणार नाही.