पोळी मागितली तर पोळी मिळते, पोयी मागितली तर जरा जास्त

नाव-पत्ता मुद्दाम टाकत नाहीये, आधीच रविवारी पाऊण तास ताटकळावं लागतं, त्यात तुम्ही सगळे आलात तर माझ्या वाटचे रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) संपतील. एवढंच सांगतो की पुण्यात कर्वेनगरच्या आतल्या गल्लीत सहा टेबलांची वऱ्हाडी खानावळ आहे, काकू आत स्वयंपाकाला आणि त्यांचा मुलगा काउंटरला.

आधी खाण्याचं. थाळी १६० ला, ज्वारीची भाकर किंवा पोळी, चून (म्हणजे तुमचं पिठलं), अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ठेचा आणि भात. पाटोडी (म्हणजे बेसनाची वडी) रस्सा वेगळा घ्यावा लागतो पण घ्याच, पाटोडी रश्श्यात विरघळत नाही आणि दगडासारखी पण राहत नाही, हे जमणं सोपं नाही. गोळाभात मात्र इथला राजा. चण्याच्या डाळीचे भरडे गोळे, मोकळा भात, वरून लसूण-मिरचीच्या फोडणीचं गरम तेल, बाजूला कढी. तेल बघून घाबरू नका, गोळा कोरडा असतो, तेल नसेल तर घशात अडकतो.

आता खरी गंमत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अगदी पुणेरी मराठीत ऑर्डर दिली. बारा वर्षं झाली इथे, सवयच झालीय, 'दादा, एक थाळी मिळेल का' वगैरे. थाळी आली, बरी होती, पण वरणात गूळ होता आणि रस्सा असा की लहान पोरगंही वाटीभर पिऊन जाईल. मनात म्हटलं झालं, हेही पुण्यात येऊन गोड झाले. हात धुवायला आत गेलो तर काकू फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या, 'मूर्तिजापूरवरून निंगाली का गाडी?', आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'काकू, मी बी मूर्तिजापूरचाच हाओ.' काकूंनी फोन खाली केला. 'मंग आधी काऊन नाई सांगतलं बाप्पा? मी तुले पुन्याची तर्री वाढून राह्यली ना!' आणि परत बसवलं. दुसरी वाटी आली ती वेगळीच, वर लाल तवंग, नाकातून पाणी. पैसे तेवढेच लागले.

म्हणजे एकाच स्वयंपाकघरात दोन रस्से आहेत, आणि कोणता मिळणार ते तुमच्या तोंडच्या बोलीवर ठरतं.

हे घरी सांगितलं तर बायको जागीच उठून बसली. तिचं एमए भाषाविज्ञानात, त्यामुळे आमच्या घरात जेवणावर बोलताना पण उच्चारावर गाडी जाते. तिने विल्यम लबॉव या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये हा माणूस न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेला, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं, आणि चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं विचारत सुटला, म्हणजे समोरचा 'फोर्थ फ्लोअर' म्हणणार आणि त्यातला 'र' ऐकू येतो का ते कळणार, कारण तिथे हा 'र' उच्चारणं प्रतिष्ठेचं मानायचे. मग ऐकू न आल्यासारखं करायचं, की समोरचा परत, जरा नीट म्हणणार. असे २६४ जण झाले. महागड्या दुकानात ६२ टक्के लोकांनी कधी ना कधी 'र' उच्चारला, स्वस्तातल्यात साधारण २० टक्क्यांनी. आणि परत विचारल्यावर बरेच जण जास्त 'शुद्ध' झाले.

आमच्या वऱ्हाडात 'र' चं काही नाही, आमचा मामला 'ळ' चा. शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, पोळी म्हणजे पोयी. तर पुढच्या वेळी मी लबॉव झालो. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, भाकरीऐवजी काय मिळेल? 'पोळी आहे ना सर.' काय म्हणालास? 'पोळी सर, पोळी', दुसऱ्या वेळी ळ इतका ठासून की जीभ टाळूला चिकटेल की काय. आणि मान वळवून आत ओरडला, 'माय, दोन पोया!' चार सेकंदांत. त्याला स्वतःला काही कळलंसुद्धा नसणार.

मग बायको. ती कोल्हापूरची, तिने विचारलं 'चपाती हाय व्हय?', कारण त्यांच्याकडे पोळी म्हणजे पुरणाचीच. पोराने लगेच 'आहे ना मॅडम, चपाती आहे'. शब्दच बदलला. सहा टेबलांवर शास्त्र होत नाही हे मान्य, पण मला तर पोरगा हॉटेल मॅनेजमेंटपेक्षा मोठं काही शिकलेला वाटला.

एक नोंद नवीन जाणाऱ्यांसाठी. काकू चुनावर 'सांबार टाकू का' विचारतात. मागच्या रविवारी शेजारच्या टेबलवरचं जोडपं चांगलंच गडबडलं, 'नको नको, पिठल्यावर सांबार कसलं, इडली आहे का पण?' काकूंना इडलीचा संबंध लागेना. तर बाबांनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आलू म्हणजे बटाटा, गंज म्हणजे पातेलं. मेन्यूकार्डावर हे सगळं पुसून टाकलंय, तिथे 'पिठलं' आणि 'कोथिंबीर वडी' लिहिलंय, आणि ज्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे ती गोष्ट म्हणजे भिंतीवर मोठ्या अक्षरात 'काऊन बे?' (म्हणजे 'का रे?') असं पोस्टर लावलंय. म्हणजे कार्डावरून बोली काढली आणि भिंतीवर शोपीस म्हणून टांगली. त्यामुळे हॉस्टेलची पोरं आत येतानाच 'काऊन बे काकू' करत येतात, त्यांना ते कौतुक वाटतं. अरे, 'बे' हा बरोबरीच्या दोस्ताला लावायचा असतो, आईच्या वयाच्या बाईला नाही! काकू हसतात, पण मी त्यांचा चेहरा पाहिलाय. त्या पोरांना रस्सा पुण्याचाच मिळतो हेही पाहिलंय.

माझा स्वतःचा हिशोब पण सांगून टाकतो. पहिल्या वर्षी हॉस्टेलला मी 'अभ्यास करून राह्यलो' म्हटलं की खोलीत हशा व्हायचा. वऱ्हाड-नागपूर १९५६ पर्यंत हिंदी मुलखाबरोबर एकाच प्रांतात होतं, 'कर रहा हूँ' आमच्या मराठीत येऊन बसलं तर नवल काय, पण हे तेव्हा कोणाला सांगणार. दिवाळीपर्यंत मी 'करतोय' वर आलो होतो. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त हसणारा माझा रूममेट नागपूरचा होता, तो स्वतः 'राहिलो' म्हणायचा पण माझ्या 'शाया'ला गावठी म्हणायचा, आणि पुण्याच्या पोरांना आम्ही दोघंही 'नागपूरकडचे'. बायकोचं पण तेच, कोल्हापुरात मुली 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, इथे पहिल्याच महिन्यात कोणीतरी खो खो हसलं आणि ती 'आले, जेवले' झाली. घरी आईशी फोनवर अजून 'जेवलो' च. आणि अशुद्ध म्हणणाऱ्यांना एकच सांगणं, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेता ते लीळाचरित्र आमच्या वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलंय. असो, रस्सा थंड होतोय.

पण एक कबूल करतो. आता मी तिथे वऱ्हाडी बोलतो ती थोडी जास्तच होते. 'काकू, गोयाभात द्या' म्हणताना य वर मुद्दाम जोर पडतो, पोराच्या ठासलेल्या ळ सारखाच. परवा काकूंनीच टोकलं, 'तू तर आमच्यापेक्षा बी जास्त बोलून राह्यला रे.' मी गप गोळे कुस्करले.

तक्रारी: हात धुवायची जागा स्वयंपाकघरातून जाऊन, ओली आणि अरुंद. गर्दीत भाकर गार येते. कढी कधी कधी पातळ. यूपीआय चालतं. कार्डावर तिखटाचं काहीच लिहिलेलं नाही, विचारलं तर पोरगा सगळ्यांना 'मीडियम आहे सर' सांगतो, त्याला काही अर्थ नाही, आत जाऊन काकूंनाच सांगा आणि तुमच्या ज्या बोलीत सांगायचं त्या बोलीत सांगा, त्या समजून घेतात, सातारचा एक ट्रकवाला पण तिथे नेहमी लाल रस्सा खातो.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पोस्टरचा कापला.

सोमवारी बंद. रोडगे फक्त रविवारी दुपारी, आणि शनिवारी फोन करून सांगितलं तरच. गाडी मेन रोडलाच लावा, गल्लीत वळत नाही.